हात दाखवा, पण गाडी थांबवू नका

स्कॉटलंडमधलं इनव्हर्नेस सोडून अर्धा तासही झाला नव्हता. समोरून येणाऱ्या एका पांढऱ्या मोटरहोमच्या चालकाने आमच्याकडे बघून हात केला. दादाने लगेच डॅशबोर्डवर नजर टाकली, "हँडब्रेक राहिला का रे?" मी आरशात बघितलं, गॅस सिलिंडरच्या कप्प्याचं दार उघडं तर नाही ना. वहिनी म्हणाली, "पुढे पोलीस असतील." दादाने वेग कमी केला. पोलीस काही आले नाहीत. पाच मिनिटांनी दुसरी मोटरहोम आली, पुन्हा हात. या खेपेला शेजारी बसलेल्या आजीबाईंनीही हात हलवला, वर छान हसल्या.

आमचं काही चुकत नव्हतं. घाबरायचं कारण आमच्या सवयीत होतं. आपल्याकडे रस्त्यावर अनोळखी माणसाने हात केला की त्याचे अर्थ ठरलेले असतात: साइड स्टँड खाली आहे, ओढणी चाकात जातेय, दार नीट लागलेलं नाही, पुढे मामा उभे आहेत. नुसतं "काय, बरंय ना?" एवढ्यासाठी कोणी ऐंशीच्या वेगात हात करेल, हे डोक्यातच येत नाही.

माझ्याच ओळखीतली तीन कुटुंबं गेल्या दोन-तीन वर्षांत स्कॉटलंड किंवा न्यूझीलंडला जाऊन अशी गाडी भाड्याने घेऊन फिरली. तिघांनीही परत आल्यावर हाच प्रश्न विचारला, "ते लोक हात का करतात?" प्रश्न वाटतो तेवढा फुटकळ नाही.

आधी गाडीची ओळख

मोटरहोम म्हणजे इंजिनासकट घर. एकाच गाडीत पलंग, शेगडी, छोटा फ्रीज, संडास आणि पाण्याची टाकी. आकाराने लहान असेल, व्हॅनच्या पोटातच सगळं बसवलेलं असेल तर तिला कॅम्परव्हॅन म्हणतात. कारव्हॅन वेगळी. तिला स्वतःचं इंजिन नसतं, मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यावी लागते. हा फरक इथे सांगितला कारण हात करण्याच्या पद्धतीत तो फार कडक पाळला जातो. कसा, ते पुढे येईलच.

तीन सेकंदांचं काम

ब्रिटनमध्ये रिकामी असताना ३.०५ टनांपेक्षा जड असलेल्या मोटरहोमला दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी ५० मैलांची मर्यादा आहे, म्हणजे साधारण ८० किलोमीटर. समोरचाही तेवढ्याच वेगाने येतोय असं धरलं तर दोघांमधलं अंतर ताशी १६० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ४४ मीटरने कमी होतं. समोरची गाडी मोटरहोम आहे हे दीडशे मीटरवरून कळलं, तर हातात तीन सेकंद आणि वर थोडंसं. तेवढ्यात ओळखायचं, ठरवायचं, हात उचलायचा आणि समोरच्याने तो बघायचा.

म्हणून हा हात डोक्यावरून जोरजोरात हलवायचा नसतो. अनुभवी मंडळी मनगट स्टिअरिंगवरच ठेवून पंजा किंवा चार बोटं उचलतात. काच मोठी आणि उभट असते, बसायची जागा उंच असते, त्यामुळे तेवढं पुरतं.

ओळखायचं कशावरून, तर चालकाच्या डोक्यावर पुढे आलेलं टेंगूळ बघायचं. त्यात पलंग असतो. ते नसेल तर पंचाईत. युरोपातल्या बऱ्याच मोटरहोम फियाट ड्युकाटो या व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेल्या असतात आणि तीच व्हॅन कुरियरवालेही वापरतात. समोरून दोन्ही सारख्याच दिसतात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही किमान दोन पार्सलवाल्यांना मनापासून हात केला होता. त्यातल्या एकाने परत केलाही, बिचारा बराच वेळ विचारात पडला असेल.

पण यात सांगायचं काय असतं?

काहीच नाही. आणि हेच समजून घ्यायला जरा अवघड आहे.

ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ साली एक निरीक्षण मांडलं. माणसं जे बोलतात त्यातलं बरंचसं माहिती देण्यासाठी नसतं. मधली तार जोडलेली आहे, एवढंच कळवण्यासाठी असतं. मराठी माणसाला हे वेगळं समजावायची गरज नाही. हातात पिशवी घेऊन मंडईच्या दिशेने चाललेल्या माणसाला आपण विचारतो, "काय, भाजीला?" तो म्हणतो, "हो, भाजीला." माहिती शून्य. पण न विचारता पुढे गेलात तर संध्याकाळपर्यंत घरी विषय होतो, "हल्ली बघतसुद्धा नाही."

मोटरहोमचा हात म्हणजे हे "काय, भाजीला?" आहे.

याची दुसरी बाजू एर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ साली दाखवली. शहरात अनोळखी माणसं एकमेकांजवळून जाताना क्षणभर बघतात आणि मग मुद्दाम नजर काढून घेतात. याला आपण सभ्य दुर्लक्ष म्हणू. हा उद्धटपणा नसतो. "तू आहेस हे मला दिसलं, तुझ्यापासून धोका नाही, तुला त्रासही देत नाही" असा तो करार असतो. लिफ्टमध्ये चार माणसं मजल्यांचे आकडे बघत उभी असतात ती याच कराराखाली. रस्त्यावरच्या मोटारी तर सभ्य दुर्लक्षाचं टोक, कारण तिथे माणूस दिसतच नाही, दिसतो तो पत्रा.

मोटरहोमवाले हात करतात तेव्हा तो करार तीन सेकंदांपुरता मोडतात.

ही खोड आली कुठून?

अमुक तारखेला अमक्याने सुरू केली असं काही नाही. पण तिच्या जवळच्या नातेवाइकांकडे बघितलं की स्वभाव कळतो.

सगळ्यात प्रसिद्ध नातेवाईक म्हणजे फोक्सवॅगनची ती गोलमटोल व्हॅन. बेन पॉन नावाच्या डच आयातदाराने १९४७ साली तिचं रेखाटन केलं, १९५० पासून ती कारखान्यातून बाहेर पडू लागली आणि लगेचच वेस्टफालिया या जर्मन कंपनीने तिच्यात झोपायची, स्वयंपाकाची सोय बसवायला सुरुवात केली. पहिल्या इंजिनाची ताकद २५ अश्वशक्ती. आजच्या ३५० सीसीच्या बुलेटची साधारण २० असते, यावरून अंदाज घ्या! एवढ्या ताकदीत संसार भरून डोंगर चढायचा. गाडी तापणार, बंद पडणार, मागच्या सगळ्या गाड्या हॉर्न वाजवणार. अशा वेळी समोरून तशीच धापा टाकणारी व्हॅन आली तर तिच्या मालकाबद्दल माया वाटणारच. शिवाय आज त्याला हात केला तर उद्या आपण रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून (या व्हॅनचं मागचं दार उघडून, इंजिन मागे असे) उभे असताना तो थांबेल, हा हिशोबही असतो. या जातीची शेवटची व्हॅन ब्राझीलमध्ये २०१३ च्या अखेरीस बनली, पण जुन्या गाड्या सांभाळणारे अजूनही एकमेकांना हात करतात.

मोटारसायकलवाल्यांची रीत तर देशागणिक बदलते, आणि ती बदलते यंत्रामुळे. जर्मनीत रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे समोरच्याकडे असतो डावा हात. तो क्लचवरून काढता येतो, म्हणून तिथे डावा हात खाली सोडून सलाम. ब्रिटनमध्ये डावीकडून चालतात, समोरच्याकडे येतो उजवा हात, आणि तो तर थ्रॉटलवर. म्हणून ब्रिटिश स्वार हात न काढता मान डोलावतो. फ्रान्समध्ये मोटारीने बाजूला होऊन वाट दिली तर पुढे जाताना स्वार चक्क पाय बाहेर काढून आभार मानतो. आपल्याकडे कोणी पाय दाखवला तर प्रकरण वेगळ्याच दिशेला जाईल.

न्यूझीलंडमध्ये मोटरहोमवाल्यांची राष्ट्रीय संघटना १९५६ पासून आहे. तिचे सभासद गाडीच्या पुढच्या बाजूला पंखांचं चिन्ह लावतात. म्हणजे आपलं कोण, हे लांबूनच कळायची सोय.

आणि आपली एसटी? घाटात समोरून लालपरी आली की दोन्ही चालकांचे हात वर जातात. कधीकधी दोन्ही गाड्या खिडकीला खिडकी लावून उभ्या राहतात आणि दोन मिनिटं ड्युटीची चौकशी होते, मागे रांग लागली तरी. एका चालकाशेजारच्या बाकावर बसून महाबळेश्वरला जाताना मी विचारलं होतं, "सगळ्यांना ओळखता?" ते म्हणाले, "छे, हा कुठल्या डेपोचा तेही माहीत नाही." आणि पुढच्या वळणावर पुन्हा हात केला.

मग सगळ्यांनाच हात का नाही?

इथे जरा खट्टू करणारी गोष्ट येते. मोटरहोमवाले कारव्हॅन ओढणाऱ्यांना सहसा हात करत नाहीत. दोघं त्याच मुक्कामाच्या जागी जातात, तोच संडासाचा डबा रिकामा करायला त्याच रांगेत उभे राहतात, सुट्टी तीच. पण रस्त्यावर ओळख नाही. जुन्या फोक्सवॅगनवाल्यांपैकी काही जण तर नव्या, मोठ्या, दिवाणखान्यासारख्या मोटरहोमकडे बघतही नाहीत.

यावर "आपण माणसं कोत्या मनाची" असं म्हणून मोकळं होता येईल, पण त्यामागची यंत्रणा त्याहून साधी आहे. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या शाळकरी मुलांवर प्रयोग केले. मुलांना क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रं दाखवून आवडीप्रमाणे दोन गट पाडले, असं सांगितलं. खरं तर गट कसेही पाडले होते. गटातल्या मुलांना एकमेकांची नावंही कळणार नव्हती. तरी पैसे वाटायची वेळ आली तेव्हा मुलांनी "आपल्या" गटाला झुकतं माप दिलं. आपलेपणा निर्माण व्हायला भांडण लागत नाही, इतिहास लागत नाही, नुसती रेघ पुरते.

मोटरहोम ही चांगली जाड, पांढरी, सात मीटर लांब रेघ आहे.

मला यात फारसं वाईट वाटत नाही. प्रत्येक गाडीला हात केला तर तो हात राहणारच नाही, व्यायाम होईल. आणि याच मुद्द्यावर सगळं येऊन थांबतं.

राजगड आणि रविवारचा सिंहगड

मंगळवारी राजगड चढताना वाटेत कोणी उतरणारं भेटलं तर बोलणं होतंच. "जय शिवराय" होतं, "अजून किती?" होतं, आणि "आलंच, दहा मिनिटं" हे शुद्ध खोटं उत्तरही होतं. पाणी विचारलं जातं. तोच माणूस रविवारी सकाळी सिंहगडावर पुढ्यात आला तर आपण त्याच्या बॅगेच्या धक्क्यातून वाट काढत पिठलं-भाकरीकडे सरकतो. माणूस तोच, आपणही तेच. बदलली ती गर्दी.

अभिवादन दुर्मीळपणावर जगतं. हे सगळं कोडं मला तरी इथेच सुटल्यासारखं वाटतं. मोटरहोमवाले फार प्रेमळ असतात म्हणून हात करतात, असं नाही. रस्त्यावर ते कमी असतात म्हणून करतात. तासाला चार गाड्या भेटल्या तर प्रत्येक हात हवासा वाटतो. तासाला चाळीस भेटल्या तर दीड मिनिटाला एक हात, आणि पेट्रोल पंपापर्यंत खांदा धरतो.

गाड्या वाढल्या आहेत यात शंका नाही. करोनाच्या वर्षात हॉटेलं आणि विमानं नकोशी झाली आणि युरोपभर लोक मोटरहोमकडे वळले. एकट्या जर्मनीत २०२० मध्ये ७५ हजारांहून जास्त नव्या मोटरहोमची नोंद झाली. शिवाय भाड्याच्या गाड्या. भाड्याने घेणाऱ्याला ही रीत कोणी सांगत नाही. आम्हाला गाडी देणाऱ्याने गॅसची कळ, पाण्याचा पंप आणि संडासाचा डबा यावर पाऊण तास घालवला, हाताबद्दल अक्षर नाही.

म्हणून जुने लोक कुरकुरतात, "आता पूर्वीसारखं कोणी हात करत नाही." त्यात नव्या पिढीच्या संस्कारांचा काही संबंध नाही. वाटेवरचा राजगड सिंहगड झाला. मोठ्या महामार्गावर हात विरळ होतात आणि उत्तरेला, जिथे पुढचं गाव तीस मैलांवर आहे, तिथे पुन्हा उगवतात. आम्ही हे रोज बघत होतो. इनव्हर्नेसजवळ ए-९ रस्त्यावर दादाचे हात वाया जात होते आणि पार उत्तर टोकाच्या डरनेस गावाच्या दिशेने एकही वाया गेला नाही.

स्टिअरिंगवरून हात काढणं धोक्याचं नाही का?

आहे. ही शंका खरी आहे आणि तिला "अहो, एवढ्याने काय होतंय" हे उत्तर नाही. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीतला १६० वा नियम सांगतो की शक्य तिथे दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा. ताशी ८० किलोमीटरला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. मोटरहोमला वारा लागतो, मोठा ट्रक शेजारून गेला की ती सरळ ओढली जाते, आणि अरुंद रस्त्यावर दोन मोटरहोमच्या आरशांमध्ये कधीकधी वीतभर जागा असते. नेमक्या त्याच क्षणी दोन्ही चालकांनी एकेक हात हवेत उचलायचा, हा शहाणपणा नव्हे.

वळणावर, अरुंद पुलावर, पावसात हात करू नये. त्याचं कोणी वाईट वाटून घेत नाही. बोटं उचलणं पुरतं, मान हलवणं पुरतं. आमच्या गाडीत तोडगा वहिनीने काढला. चालकाशेजारच्या सीटवर बसून तिने हे खातंच आपल्याकडे घेतलं आणि दोन्ही हात जोडून रीतसर नमस्कार करायला लागली. काच मोठी असल्याने तो लांबूनही दिसायचा. समोरचे आधी गोंधळायचे, मग हसायचे. एका जर्मन नंबरप्लेटच्या गाडीतल्या काकांनी परत नमस्कार केला. तेही दोन्ही हातांनी, आणि गाडी तेच चालवत होते, तेव्हापासून वहिनीने एका हाताचा नमस्कार सुरू केला.

हातापेक्षा दिव्याने अभिवादन करावं, असं काहींना वाटतं. ते टाळा. आपल्याकडे डिपर मारणं म्हणजे "मी येतोय, सरक." ब्रिटनमध्ये बरेच चालक तोच इशारा "तुम्ही या, मी थांबतो" या अर्थाने करतात. आणि नियमावली म्हणते की दिव्याचा अर्थ फक्त "मी इथे आहे" एवढाच. एका इशाऱ्याचे तीन अर्थ, त्यातले दोन एकमेकांच्या अगदी उलट. दादाला लीड्समध्ये चार वर्षं झाली, पण पहिल्या महिन्यात एका चौकात यावरून जी गंमत झाली ती तो अजून वहिनीसमोर सांगत नाही.

परत हात केला नाही तर?

काही होत नाही. समोरचा तुम्हाला ओळखत नाही आणि पुन्हा भेटणार नाही. तुम्ही केला आणि त्याने केला नाही, तर बहुतेक वेळा त्याला तीन सेकंद पुरले नाहीत, इतकंच.

पण एक हात मात्र चुकवायचा नसतो, आणि नवख्यांची गल्लत इथेच होते. स्कॉटलंडच्या उत्तरेला ५१६ मैलांचा, म्हणजे ८३० किलोमीटरचा 'नॉर्थ कोस्ट ५००' हा फेरा २०१५ पासून पर्यटकांसाठी गाजवला गेला. त्यातले बरेच तुकडे एकपदरी आहेत. एकपदरी म्हणजे दोन्ही दिशांना मिळून एकच गाडी मावेल एवढा रस्ता. थोड्या थोड्या अंतरावर कडेला फुगवटे केलेले असतात. जागा आपल्या डाव्या हाताला असेल तर तिच्यात शिरायचं, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबायचं आणि समोरच्याला त्या जागेतून जाऊ द्यायचं. आपल्या वरंधा घाटात समोरून ट्रक आल्यावर जे आपोआप घडतं तेच, फक्त पाट्या लावून. आणि तिथे थांबणाऱ्याला जाणाऱ्याने हात करायचाच. मग तो मोटरहोममध्ये असो, ट्रॅक्टरवर असो की टपालाच्या लाल व्हॅनमध्ये. हा हात ओळखीचा नाही, आभाराचा आहे.

मोटरहोमवाल्यांवर तिथले गावकरी चिडतात ते यावरूनच. एकमेकांना हौसेने हात करत तीन-चार मोटरहोम एकामागून एक चालतात. मागे कामाला निघालेल्या माणसाची गाडी अडकलेली असते आणि तिच्यासाठी कोणी फुगवट्यात शिरत नाही. वर कोणी त्याच फुगवट्यात गाडी लावून चहा करत बसतं, आणि तेही नियमाविरुद्ध आहे. ॲपलक्रॉसकडे जाणारा बीलख ना बा हा ६२६ मीटर उंचीचा घाट मोठ्या गाड्यांसाठी योग्य नाही अशी पाटी पायथ्याशीच आहे, तरी कोणी ना कोणी घुसतंच. आम्ही तो मुकाट्याने टाळला.

डरनेसच्या अलीकडे एका चढावर समोरून एक जुनी, चिखलाने माखलेली लँडरोव्हर आली. मागे मेंढ्यांचा कुत्रा. फुगवटा आमच्यापासून जवळ होता, पण दादाला सात मीटरची गाडी मागे घ्यायचा धीर होईना. त्या म्हाताऱ्याने दोन क्षण बघितलं, मान फिरवली आणि वळणापलीकडच्या जागेपर्यंत स्वतःची गाडी झरझर मागे नेली. आम्ही शेजारून गेलो तेव्हा दादाने हात केला, मी केला, वहिनीने विसरून दोन्ही हात जोडले. त्याने स्टिअरिंगवरून फक्त तर्जनी उचलली, एखाद इंच.

कुत्र्याने मात्र आमच्याकडे बघितलंही नाही.